भाजीच्या ट्रेमधला हिवाळा

डोंबिवलीत हिवाळा मोजून बारा सकाळी असतो. मी मोजलाय. स्वेटर घालून दूध आणायला जावंसं वाटतं अशा बारा सकाळी. तेराव्या दिवशी स्वेटर कपाटात जातो आणि पंखा पुन्हा फिरायला लागतो. अशा गावात राहून जो माणूस ट्युलिप दरवर्षी फुलवीन म्हणतो, त्याच्या डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवायला हवी. तो माणूस मी.

आमच्या घरात खरा हिवाळा राहतो तो फ्रिजमध्ये, सगळ्यात खाली, भाजीच्या ट्रेमध्ये. दसऱ्याच्या सुमारास तो सुरू होतो आणि नाताळ झाल्यावर संपतो. दुपारी जेवून आडवा झालो की फ्रिजची घरघर ऐकू येते. मधेच ती थांबते आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, आत बर्फ पडायला लागला. आवाज न करता, भुरुभुरु. कागदी पिशवीत कंद झोपलेले आहेत. बाहेर तेहतीस डिग्री आहे, खाली रिक्षावाले घाम पुसताहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. फसवणूकच ती, पण मायेची. फसवणुकीचा विषय पुढे येणार आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

पहिले पाच कंद मी ठाण्याच्या एका फुलांच्या प्रदर्शनातून आणले. डिसेंबर नुकताच लागला होता. लांब उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या एक बाई ते विकत होत्या. म्हणाल्या, "यांना थंडी देऊन झालीये. नुसते मातीत ठेवा, महिन्याभरात फुलतील." मी घरी येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि प्रत्येक कंदाच्या सालीवर पेन्सिलीने एक ते पाच आकडे घातले. उभा जन्म मी एका कारखान्यात नकाशे काढले आहेत. आकडा घातल्याशिवाय कुठलीही वस्तू मला खरी वाटत नाही.

बायको स्वयंपाकघरातून आली. तिने एक कंद उचलला, हातात फिरवला आणि नाकाशी नेला.

"मला वाटलं कांदे आणलेत. वास नाही आला."

"ट्युलिप आहेत."

"एवढ्या लांबून आलेत बिचारे," ती म्हणाली, आणि तेव्हापासून त्यांचं नाव आमच्या घरात पाहुणे पडलं.

तिची स्वतःची एक लिली आहे. तेलाच्या जुन्या डब्यात, खिडकीच्या ग्रिलमध्ये. दर मे महिन्यात तिला लाल गोंड्याएवढं फूल येतं. मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून येतंय. त्या लिलीला कधी कुणी थंडी दिली नाही की आकडा घातला नाही. पाहुण्यांसाठी मी लिलीचा डबा जरा बाजूला सरकवला, तर बायको म्हणाली, "बघा, कानामागून आली आणि तिखट झाली."

जानेवारीत संक्रांतीच्या चार दिवस आधी पहिलं फूल उघडलं, आणि दुपारपर्यंत बाकीची चार. लाल. पण आपल्या जास्वंदीचा लाल नव्हे. त्या लालात आतून दिवा लावल्यासारखं काहीतरी होतं. मी हाका मारत सुटलो.

बायकोला सवड नव्हती. ती तेव्हा हलव्याचे दागिने करून द्यायची. नव्या सुनांना आणि वर्षाच्या आतल्या बाळांना संक्रांतीला घालायचे ते पांढरेशुभ्र दागिने: हार, बाजूबंद, मुकुट, मुरली. एकेक काटेरी दाणा दोऱ्याने गुंडाळून ओळीत बसवायचा. डिसेंबरपासून आमच्या दिवाणावर बसायला जागा नसायची आणि घरभर पाकाचा गोड वास असायचा. त्या दिवशी तिच्याकडे तीन बाळं आणि दोन सुना बाकी होत्या.

माझ्या चौथ्या हाकेला ती दारापर्यंत आली. दातांत दोरा, हातात सुई. उंबऱ्यातूनच तिने बघितलं.

"अय्या, छान आहेत हो." आणि गेली.

"अगं, जवळ येऊन बघ!"

"संक्रांत होऊ द्या. मग निवांत बघते."

ट्युलिपना संक्रांत कळत नाही. तिसऱ्या दिवशी पंखा लावावा लागेल असं ऊन पडलं आणि पाकळ्या एकेक करून ओट्यावर गळाल्या. शेवटची सून दागिने घेऊन गेली तेव्हा कुंडीत नुसते पाच दांडे उभे होते. बायकोने कमरेला हात लावून त्यांच्याकडे पाहिलं.

"नीट बघायचं राहिलंच की," ती म्हणाली. मग दांड्यांनाच म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी या."

लिली येते, तसे हेही येतील असं तिला वाटलं. मलाही वाटलं. आमचा काय दोष, आम्हाला परत न येणारं झाड माहीतच नव्हतं.

त्याच संक्रांतीच्या शेवटच्या हारात दाण्यांची ओळ मधेच वाकली होती. मी लगेच बोट ठेवलं. माझी खोडच ती. सरळ रेघेवर माझं पोट चाललं, वाकडी रेघ मला सहन होत नाही. तिने निमूटपणे उसवून पुन्हा ओवली, ती पुन्हा तिथेच वाकली. फेब्रुवारीत एका सकाळी ती भाजी निवडताना म्हणाली, "अहो, या ग्रिलची मधली सळई वाकलीये का?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. पुढे जाऊन मी माझी स्टीलची पट्टी आणली आणि सळईला लावून दाखवली. "ही बघ. सरळ आहे."

ती हसली. मग एक डोळा झाकून तिने सळईकडे पाहिलं, मग दुसरा झाकून. आणि मग तिने हसणं थांबवलं. त्या पट्टीची मला आजही लाज वाटते.

डोळ्यांचा दवाखाना घोडबंदर रोडला, एका उंच इमारतीत. डॉक्टर तरुण होत्या, पण बोलायच्या आमच्या आईसारख्या, एकेक शब्द ठेवून. नजरेचा मधला भाग जातोय, म्हणाल्या. इंजेक्शनं देऊ, त्याने चाल मंदावेल. किती दिवस, ते सांगता येत नाही. "कडेची नजर मात्र शाबूत राहील. घरात वावरता येईल, कामं करता येतील." बायकोने विचारलं, "आणि बारीक काम?" डॉक्टरांनी तिच्या हाताला हात लावला. ते उत्तर आम्हाला दोघांनाही समजलं.

परतताना ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि या सगळ्याच्या वर, इमारतींच्या फटीत, येऊरचा डोंगर. अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. इंजिनं बंद झाली तशी एक विचित्र शांतता आली, आणि सगळा रस्ता स्वप्नातल्यासारखा तरंगत राहिला.

"डोंगर कुठल्या रंगाचा आहे?" तिने विचारलं.

"दिसत नाही?"

"दिसतोय. तुम्हाला कसा दिसतो ते विचारतेय."

"राखाडी. वर जरा जांभळा."

"मलाही," ती म्हणाली आणि मागे टेकून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला एक गोष्ट नीट बघून घ्यायचीये. ती तुमची फुलं."

मला राग आला. असं काहीतरी मागायचंच, तर काश्मीर माग, लेकीकडे पुण्याला जाऊन राहू म्हण. फुलं कसली?

"लेकीचं तोंड मला पाठ आहे," ती म्हणाली. "तुमचंही. ती दिसली नाहीत तरी दिसतील. फुलं पाठ करायची राहिली."

"नवे कंद आणू. डिसेंबरात मिळतात."

"नवे नकोत. तेच. मी त्यांना या म्हटलंय."

आता या बाईशी वाद घालून उपयोग नसतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात समजलं आहे. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला ट्युलिपबद्दल काहीच माहिती नव्हती.

माहिती दिली ती कल्याणच्या नर्सरीवाल्याने. तो तिथल्या जुन्या आगरी कुटुंबातला. बापजाद्यांच्या शेताचा जो तुकडा इमारतींमधून वाचला, त्यावर त्याची नर्सरी आहे. माझं सगळं ऐकून तो खो खो हसला.

"काका, या विलायती कांद्यांचा नाद सोरा. आपल्या हवेत यो एकदाच फुलतो. मंग लोक फेकून देतान."

मी नाद सोडत नाही म्हटल्यावर मात्र त्याने बसायला स्टूल दिलं आणि नीट सांगितलं. पानं कापायची नाहीत, ती पिवळी होईतो कंद त्यांच्यावर जगतो. मग उकरून, कोरडा करून भुशात ठेवायचा. पावसाळ्यात ओल लागू द्यायची नाही. आणि मग थंडी, बारा आठवडे, न चुकता. माझ्या आळसामुळे कुंडी तशीच पडली होती, त्यामुळे पानं सुखरूप होती. आळसाचा मला एवढाच काय तो फायदा झालेला आठवतो.

कुंडी उकरली तेव्हा मी चक्रावलो. माझे आकडे घातलेले कंद नव्हतेच. नुसती कागदासारखी सालं, त्यावर पुसट तीन, पुसट पाच. आणि प्रत्येक सालीला लागून एक नवा कंद, गोरापान, आकडा नसलेला. ट्युलिपचं हे असंच असतं म्हणे. जुना कंद फुलात सगळा खर्च होतो आणि जाताना शेजारी नवा ठेवून जातो. मी बायकोला सांगितलं, "तेच म्हणत होतीस ना, ते गेले. या त्यांच्या मुली."

तिने एक उचलून गालाला लावला. "मग आईने सांगितलं असेल हिला," ती म्हणाली.

पावसाळाभर मी त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. कपाटावर भुशाची टोपली, ओल धरू नये म्हणून शेजारी सदैव पेटलेला बल्ब, दर रविवारी तपासणी. तरी एक कंद कुजला. उरलेले चार दसऱ्याला ट्रेमध्ये गेले. आम्ही दोघं फ्रिजसमोर उभे राहून त्यांच्याकडे बघत होतो. बायको म्हणाली, "झोपा हं," आणि दार लावलं.

तोपर्यंत तिच्या नजरेत मधोमध एक राखी ठिपका बसला होता, पण अजून तो पातळ होता. त्यातून रंग कळायचे. म्हणून मी दिवस मोजत होतो. बारा आठवडे, मग मातीत चार-पाच आठवडे, म्हणजे जानेवारी अखेर. तोवर ठिपका पातळ राहिला की झालं. रात्री झोपताना मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या दिवसांत आठवडे म्हणायचो.

जानेवारीत पानं आली. रुंद, राखट हिरवी, तजेलदार. मी रोज त्यांच्यामध्ये डोकावायचो. पानांच्या पोटात काहीच नव्हतं. एका कंदाच्या पानांत वाटाण्याएवढी कळी होती, पण कागदासारखी वाळलेली, बोट लावताच खुडून हातात आली. फेब्रुवारी संपला. बायको म्हणाली, "दमले असतील हो प्रवासाने." आणि त्या महिन्यातल्या इंजेक्शनानंतर तिने मला सांगितलं की लाल आणि तपकिरी आता तिला वेगळे ओळखू येत नाहीत.

मी वाळकी कळी घेऊन कल्याणला गेलो. नर्सरीवाल्याने ती तळहातावर घेतली.

"फ्रिजमदी फला ठेवलेली का, काका?"

"फळं?"

"सफरचंद, चिकू, काय बी. पिकत्या फलांचा वायू सुटतो. पानांना काय नाय व्हत, पन आतलं फूल झोपेतच मरतं."

मला आठवलं. मार्गशीर्षाचे गुरुवार. बायको दर गुरुवारी घट मांडते, देवीपुढे पाच फळं ठेवते. शुक्रवारी सकाळी घट हलला की फळं फ्रिजमध्ये जातात. त्या वर्षी ती भाजीच्या ट्रेमध्ये जात होती, कागदी पिशवीच्या अगदी अंगावर. चार शुक्रवार. मी स्वतः ट्रे उघडताना ती पाहिली होती आणि एकदा तर त्यातलं सफरचंद खाल्लंही होतं.

संतापून घरी आलो. जिना चढतानाच तोंडात शब्द तयार होते. दार उघडल्या उघडल्या विचारलं, "फळं नेहमी वरच्या कप्प्यात ठेवतेस. यंदा ट्रेमध्ये का ठेवलीस?"

ती दिवाणावर बसून चाचपत मटार सोलत होती. तिचा चेहरा एकदम उजळला. एखादं गुपित सांगावं तशी ती म्हणाली, "लक्षात आलं होय तुमच्या? अहो, मुद्दाम ठेवत होते. देवीपुढची फळं ना ती. म्हटलं तुमच्या पाहुण्यांना तेवढाच आशीर्वाद. नाही आलं फूल, पण पानं बघा कशी तरारलीयेत."

मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशा जातीचा माणूस आहे. पण त्या दिवशी मी नुसत्या चपला काढल्या. मी तिच्यासमोर बसलो आणि मटार सोलायला लागलो. तिचं एक वर्ष होतं, ज्यात तिला सरळ बघता आलं असतं. ते वर्ष तिच्याच आशीर्वादाने गेलं, हे तिला मी कशाला सांगू? आणि देवीची फळं ट्रेमध्ये ठेवू नकोस म्हटलं, तर ती का म्हणून विचारणार, आणि मला खोटं बोलता येत नाही. निदान तोंडाने येत नाही. म्हणून मी हाताने बोलायचं ठरवलं.

आमच्या तळमजल्यावर एक आंटी राहतात. घोडबंदरच्या पलीकडे किनाऱ्यावर त्यांचं गाव, तिथल्या शेती आणि मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या. इकडच्या शाळेत शिकवायला आल्या आणि राहिल्या. त्यांना साखरेचा आजार आहे. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी भाजीच्या पिशवीत कंद घालून त्यांच्या दारात उभा राहिलो. दुसऱ्या वर्षीच्या पानांनी दोन जाडजूड कंद दिले होते आणि लसणाच्या पाकळ्यांएवढी बरीच पिल्लं.

"आंटी, तुमच्या फ्रिजमध्ये फळं असतात का?"

"फळं कुठली रे बाबा, मला शुगर ना! सगळे मासे आहेत बघा." मग माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "ठेवते मी बिनधास्त. पण माझ्या बोंबलांच्या शेजारी राहतील हां, तुमचे शाकाहारी पाहुणे."

आमच्या ट्रेमध्ये मी तशीच कागदी पिशवी ठेवली. आत चार लहान कांदे.

तो मार्गशीर्ष मला जन्मभर पुरेल. बायकोला आता अक्षरं दिसत नव्हती, म्हणून दर गुरुवारी देवीची पोथी मी वाचायचो. एरवी आरतीला उशिरा येणारा मी, पाटावर मांडी घालून कथा सांगतोय, समोर घट, कळसावर नारळ, पाच फळं, उदबत्तीचा धूर खिडकीच्या उन्हात वळ्या घेत वर जातोय. बायको डोळे मिटून ऐकायची. कथेत देवी वेश बदलून येते आणि कोण खरं वागतं ते बघते, तिथे माझा आवाज दर वेळी घोगरा व्हायचा. चोराच्या मनात चांदणं. शुक्रवारी सकाळी ती फळं परडीत घेऊन चाचपत फ्रिजशी जायची, खाली बसायची, ट्रे ओढायची, आणि फळं एकेक करून पिशवीच्या कडेने लावायची. हळुवार, बाळाच्या भोवती उशा लावाव्यात तशी. पाठीमागे उभा राहून मी ते बघत असे. चार कांद्यांना तो मान मिळत होता आणि खाली कंद बोंबलांशेजारी झोपले होते.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आंटींनी केकबरोबर कंद परत दिले. शेंड्यांना हिरवे कोंब होते. ते मी मातीत लावले. चार कांदे दुसऱ्या दिवशी पोह्यांत गेले. बायको म्हणाली, "आज पोह्यांत कांदा सढळ आहे." मी म्हणालो, "स्वस्त झालेत."

संक्रांत गेली. त्या वर्षी आमच्या घरात पाकाचा वास नव्हता, दिवाण मोकळा होता. ती कधीकधी जुन्या सवयीने बोटांनी हवेतच दाणे ओवायची. ठिपका आता दाट झाला होता. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं की मी नाहीसा व्हायचो. म्हणून ती बोलताना माझ्या कानापलीकडे पाहायची. तसं पाहिलं की माणूस परत येतो, म्हणायची. मला आधी ते चुकल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोनपैकी एका कंदाच्या पानांत बोटभर कळी दिसली. हिरवी. मी कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी हिरव्यावर लाल चढला. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात फूल उघडलं. एकच. पहिल्यांदाच्या फुलांपेक्षा आखूड आणि किंचित कलतं. मी कुंडी ओट्यावर ठेवली आणि हाक मारली.

या वेळी ती पहिल्या हाकेला आली. हात पुसत. मी तिला खुर्ची दिली. तिने खुर्ची फिरवली, पुन्हा जरा फिरवली, आणि फ्रिजकडे तोंड करून बसली.

"अगं, इकडे आहे फूल."

"माहितीये. फ्रिजकडे बघितलं की फूल दिसतं."

मग ती बघत राहिली. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, मी मोजणं सोडून दिलं. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकत होतं, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, खाली भंगारवाला ओरडत गेला, आणि हे सगळं फार लांबून येत होतं. ती फ्रिजच्या पांढऱ्या दाराकडे टक लावून होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, नजरेच्या काठावर, तिने ते फूल धरलं होतं. मला आयुष्यात कुणी इतकं बघताना दिसलेलं नाही.

"आत बुडाशी पिवळं आहे," ती म्हणाली. "त्या वर्षी ते दिसलंच नव्हतं मला."

"आहे."

"लाल नीट कळत नाही आता. पण उजळ आहे. जळतंय असं वाटतं." पुन्हा बराच वेळ गेला. "झालं पाठ," ती म्हणाली.

मी सुटलो. पाहुणे आले होते, नीट बघून झालं होतं, आणि माझी चोरी पचली होती. तेवढ्यात ती फ्रिजकडे बघतच म्हणाली, "तळमजल्यावर चांगली झोप लागली वाटतं यांना."

मी ओट्यावर सांडलेली माती पुसायला लागलो.

"अहो, कांद्याला वास असतो. माझे डोळे गेलेत, नाक नाही गेलेलं."

"कधी कळलं?"

"पहिल्याच शुक्रवारी. मग आंटींना विचारलं. त्यांना कुठे खोटं बोलता येतं! सगळं सांगून बसल्या." तिने हात पुढे करून कुंडीची कड चाचपली. "माझ्या फळांनी गेली ना ती फुलं?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

"त्या वर्षी मला सरळ बघून दिसलं असतं," ती म्हणाली. रडत नव्हती. नुसतं जे होतं ते सांगत होती. "खूप वाईट वाटलं हो मला. दोन दिवस जेवण गेलं नाही, तुम्हाला पित्त झालंय म्हणून सांगितलं. पण तुम्ही इतकं जपून कांद्यांची राखण करत होतात. पोथी वाचताना आवाज कापायचा तुमचा. म्हटलं, नको सांगायला."

"मग तरीही दर शुक्रवारी फळं का ठेवत राहिलीस? कांद्यांना?"

"कांदे कुणी ठेवले होते?" ती म्हणाली. "तुम्हाला लागू दे म्हटलं आशीर्वाद."

मला रडू आलं. ओट्याला धरून, लहान मुलासारखं, आवाज करून रडलो. तिने मला रडू दिलं. मग तिने हाताने चाचपून दुसरी खुर्ची ओढली आणि कुंडीच्या शेजारी लावली.

"इथे बसा," ती म्हणाली. "फुलाच्या अंगाला. म्हणजे दोघं एकदम दिसाल."

मी जाऊन बसलो. ती फ्रिजकडे बघत राहिली.